उसाचे पाचट, धूर आणि फुफ्फुसे



कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस तुटतो आणि मागे राहिलेल्या पाचटाला काडी लावली जाते. एका हेक्टरात साधारणतः 8 ते 10 टन पाचट निघते. जाळल्याने सरी मोकळी होते, परंतु त्याचा धूर शेवटी माणसाच्याच छातीत शिरतो.

धुण्यावर पडणारी काळी राख सर्वांना दिसते. तिचे जाड कण बहुधा नाकाघशातच अडकतात. खरा घात न दिसणाऱ्या कणांचा आहे. अडीच मायक्रॉनहून लहान असलेले, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असे हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. श्वासनलिकेत कचरा वर ढकलणारे सूक्ष्म केस असतात. वायुकोशांत ते नसतात. तेथे संरक्षक पेशी कण गिळतात खऱ्या, पण त्या झटापटीत दाह उत्पन्न होतो. वर्षानुवर्षे तो होत राहिला की बारीक श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. या विकारास सीओपीडी म्हणतात. औषधाने आराम पडतो, गेलेली क्षमता मात्र परत येत नाही. विडीला कधी न शिवलेल्या माणसालाही तो होतो, हे निर्व्यसनी घरांनी विशेष ध्यानात घ्यावे. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेतील अशा कणांना कर्करोगकारक ठरविले.

हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचते. सायंकाळी लावलेल्या आगीचा धूर रात्रभर वस्तीवर रेंगाळतो. दमेकरी आणि लहान मुले यांना तो अधिक बाधतो. फडाशेजारी खोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुराला तर दार लावून घेण्याचीही सोय नाही.

जाळल्याने खोडवा चांगला फुटतो, हा समज खरा नाही. बुडखे जमिनीलगत छाटले की जोमदार फुटवा येतो. पाचट सरीत ठेवून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, अशी शिफारस आहे. ओल टिकते, तण कमी उगवते, गांडुळे वाचतात. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या शेतात सरीभर जीव आगीत जावेत, ही विसंगती कोणालाही खटकेल.

शेजारच्या फडाला आग लागलीच, तर तोंडाला बांधलेला रुमाल राख अडवितो, सूक्ष्म कण नव्हे. त्यासाठी एन-95 मुखपट्टी लागते. चालताना दम लागत असेल, तर ते वयावर न ढकलता स्पायरोमेट्री ही फुंकर मारून होणारी साधी तपासणी करून घ्यावी.