अर्ज भरावा आपल्या घरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने संगणकावरील अर्जांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु अर्जलेखन हा मुळात शाळेतलाच विषय होय. पूर्वी तो अर्ज कागदावर लिहीत, आता तो पडद्यावर लिहितात. मायना बदलला असेल; पण नाव अचूक लिहावे, रकाना रिकामा ठेवू नये आणि सही करण्यापूर्वी सर्व मजकूर पुन्हा वाचावा, हे नियम आजही तेच आहेत.

आज जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, निवृत्तिवेतन यांपैकी बहुतेक कामांस संगणकावरील अर्ज भरावा लागतो. अशा वेळी आपली मंडळी काय करतात? कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आधारपत्र, बँकेचे पासबुक आणि मुलाची गुणपत्रिका परक्या माणसाच्या हवाली करतात. किंवा घरचा चिरंजीव 'मोफत' अशी पाटी लावलेल्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर तेच कागद चढवितो. काम होते, याविषयी वाद नाही. परंतु आपल्या कागदांची एक प्रत मागे कोणाकडे राहिली, हे कोणीच विचारीत नाही. यास्तव माझे सांगणे एवढेच आहे की, अर्ज भरण्याची व त्याचे रूप बदलण्याची विनामूल्य साधने आपल्या घरच्या संगणकावर चालतात, आणि आपण तीच वापरावीत.

बहुतेक अर्ज ज्या स्वरूपात येतात त्यास पीडीएफ म्हणतात. अ‍ॅडोबी या कंपनीने ते १९९३ साली प्रसिद्ध केले. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा हेतू. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यामुळे ते वाचणारी साधने कोणासही तयार करता येतात, आणि पुष्कळांनी ती तयार करून लोकांस विनामूल्य दिली आहेत.

या अर्जांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिल्या प्रकारात रकाने जिवंत असतात. त्यांवर बोट ठेवताच लिहिता येते. दुसऱ्यात पान छापील असते, रकाने केवळ रेघांचे. तिसरा प्रकार म्हणजे कागदाचे नुसते छायाचित्र. पहिल्या प्रकारासाठी फायरफॉक्स हा ब्राउझर पुरेसा आहे. त्यात फाइल उघडावी, रकाने भरावेत आणि जतन करावी. फाइल आपल्या यंत्राबाहेर जात नाही. २०२२ पासून त्यात छापील पानावरही मजकूर टंकित करता येतो, म्हणून दुसऱ्या प्रकारचेही काम पुष्कळसे भागते. तिसऱ्यासाठी लिबरऑफिस घ्यावे. २०१० साली सुरू झालेला हा कार्यालयीन कामांचा संच विनामूल्य आहे. त्यातील 'ड्रॉ' या भागात ते चित्र ठेवावे, त्यावर मजकुराच्या चौकटी मांडाव्यात आणि पुन्हा पीडीएफ करावे.

सर्वांत अधिक तारांबळ उडते ती फाइलच्या आकारामुळे. सरकारी संकेतस्थळे अमुक आकाराहून मोठी फाइल स्वीकारीत नाहीत. आणि नेमक्या त्याच घाईत आपली मुले दाखले अनोळखी ठिकाणी चढवितात. वास्तविक दाखल्याचे छायाचित्र लिबरऑफिसच्या 'रायटर'मधील पानावर ठेवून पीडीएफ करताना चित्राची प्रत व सूक्ष्मता कमी करण्याची सोय तेथेच असते. आकार उतरतो आणि दाखला घरातच राहतो. मात्र अक्षरे वाचता येतात ना, हे पाहूनच तो पाठवावा.

आता आपल्या मराठीविषयी. जुने मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत आहेत. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असतात. म्हणून तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि ही अडचण मुळापासून दूर झाली. परंतु जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित करीत, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर नोंदली जाते. रूपांतर करताना वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास जागा चुकतात ती याच कारणाने. पीडीएफमधील मराठी मजकूर उचलून दुसरीकडे नेतानाही तसेच घडते. दाखल्यावरील नाव आणि अर्जावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला, तरी मुलास हेलपाटे घालावे लागतात. यंत्राने केलेले रूपांतर विद्यार्थ्याच्या वहीप्रमाणे तपासावे. त्यावर डोळे झाकून सही करू नये.

'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेदही जाणला पाहिजे. मोफत म्हणजे दाम न लागणारे. मुक्त म्हणजे ज्याची रचना कोणासही पाहता, तपासता व सुधारता येते असे. फायरफॉक्स व लिबरऑफिस ही दोन्ही अर्थांनी आपली आहेत. ज्या मोफत सेवेची किंमत आपले कागद असतात, तिला स्वस्त म्हणवत नाही.

ज्ञातिबंधूंनो, लोकांस उपदेश करण्याआधी आपण आपले घर पाहावे. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हा आजही एका जुन्या टंकलिखित पानाचे छायाचित्र आहे. खेड्यातील मुलीने तो छापून घ्यावा, हाताने भरावा, त्याचे पुन्हा छायाचित्र काढावे. आणि मग तो तिच्या पित्याच्या उत्पन्नासह मोबाइलवरील गटात साऱ्यांनी पाहावा, ही रीत शोभादायक नाही. गरजू कुटुंबे अर्जच करीत नाहीत, यामागे हा संकोच नसेल असे कोणी सांगावे? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला; पण दुसऱ्याची लाज राखणे ही कायद्याहून जुनी शिकवण आहे.

यास्तव मी तीन सूचना करतो. आपला अर्ज लिबरऑफिसमध्ये जिवंत रकान्यांचा करावा. एका रविवारचे काम आहे आणि खर्च शून्य. अर्ज गटात न मागविता एकाच जबाबदार चिटणीसाकडे यावेत, आधारपत्र केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे घ्यावे आणि निर्णयानंतर या प्रती पुसून टाकाव्यात. तिसरे, दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर आपल्या सभागृहात दर रविवारी दोन तास दोन तरुणांनी बसावे. त्यांनी दुसऱ्याचा अर्ज स्वतः भरून देऊ नये, शेजारी बसून तो ज्याचा त्याला भरण्यास शिकवावे.

पूर्वजांनी वर्गणी गोळा करून मुलांना शिकविले, ते त्यांनी कोणाच्या दारात हात जोडून उभे राहू नये म्हणून. आजचे दार संगणकाचे आहे. त्याची किल्ली विनामूल्य मिळते, ती हाती घेण्याचे तेवढे मनावर घ्यावे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!