गोठलेल्या तळ्यावरचं ड्रिल



अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठतात.
लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात.
त्यासाठी लांब, पिळदार पात्याचा ऑगर लागतो.
तो बॅटरीच्या ड्रिलवरही चालतो.

मग ड्रिल कोणतं घ्यावं?
आधी फिरवण्याची ताकद पाहा.
ब्रशलेस मोटर, किमान 18 व्होल्टची बॅटरी,
आणि बाजूची मूठ हवीच.
पातं बर्फात अडकलं, की ड्रिल हातात गर्रकन फिरतं.
मनगट मुरगळतं!
म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरा.
गिअर हळू ठेवा.

थंडीत बॅटरी लवकर दमते.
ती कोटाच्या आतल्या खिशात,
अंगाच्या उबेत ठेवा.

पुन्हा सांगते,
आधी ताकद पाहा, वेग नंतर.

आणि बर्फ 4 इंचांहून पातळ असेल,
तर त्यावर पाऊलच टाकू नका.