भीती शिकवता येते, निर्भयताही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. प्राणिशास्त्र हा काही माझा विषय नाही. माझ्या चार वर्षांच्या मुलीमुळे मी त्याकडे वळलो. आमच्या गेटजवळ एक कुत्रं झोपलेलं असतं. ते तिला कधी चावलं नाही, तिच्यावर भुंकलंही नाही. तरी ती त्याला घाबरते. मग लक्षात आलं, तिथून जाताना दर वेळी मीच तिचा हात घट्ट धरतो. लहानपणी मला कुत्रं चावलं होतं. अनुभव माझा होता, भीती तिच्यात उतरली.

आमच्या कामात काही नियम प्रोग्राममध्ये आधीच लिहिलेले असतात, काही यंत्र डेटावरून शिकतं. प्राण्यांचंही थोडं तसंच आहे. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ साली रानहंसीबद्दल लिहिलं. घरट्याबाहेर गेलेलं अंडं ती चोचीने ओढत आत आणते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ओढण्याची हालचाल पूर्ण करते. ही उपजत प्रेरणा.

माकडांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. जंगलात वाढलेली माकडं सापाला घाबरत, प्रयोगशाळेत वाढलेली घाबरत नसत. पण घाबरलेलं माकड नुसतं पाहिल्यावर तीही लवकरच घाबरू लागली. साप त्यांना चावलाच नव्हता! मग चित्रफितीत बदल करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं. ते पाहून मात्र कुणी फुलाला घाबरायला शिकलं नाही. म्हणजे काय शिकणं सोपं, हेही काही अंशी आतूनच ठरलेलं असतं.

माणसाजवळ मात्र भाषा आहे. आपण सांगून-सांगून फुलाचीही भीती घालू शकतो. जन्मलेल्या बाळाला आडनाव कळत नाही, टोपी कळत नाही, टिळा कळत नाही. "त्या गल्लीत जाऊ नकोस," "त्यांच्या घरी खाऊ नकोस," हे आपण शिकवतो. आपल्याही घरात शिकवतो, त्यांच्याही घरात. बऱ्याचदा बोलतही नाही; नुसता चेहरा बदलतो आणि मूल तो वाचतं.

त्याच प्रयोगांतला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही माकडांना आधी सापाजवळ निवांत बसलेलं माकड दाखवलं. नंतर घाबरलेलं माकड पाहूनही त्यांतली बहुतेक घाबरली नाहीत. जणू लसच टोचली होती.

मुलं बाहेर, मोबाइलवर, भीती पाहणारच आहेत. ती आपण सगळी थांबवू शकणार नाही. पण त्याआधी त्यांनी आपल्याला शेजाऱ्याच्या घरी निवांत चहा पिताना पाहिलेलं असावं, एवढं तर आपल्या हातात आहे.

सध्या मी गेटजवळ मुलीचा हात सैल सोडायला शिकतोय. वेळ लागतोय. मुलीला नाही, मला.