शेवटचा हप्ता कधी?

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातून आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो,

पुनर्विकास, मानीव अभिहस्तांतरण, पाणी हे आपले नेहमीचे विषय. आज या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी बोलणार आहे ते गृहकर्जाच्या वाढत्या मुदतीवर. हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न समजला जातो, म्हणून सोसायटीच्या सभेत तो निघतच नाही. पण तो आपल्या प्रत्येक इमारतीत आहे.

गिरगाव-लालबागच्या चाळींतून डोंबिवलीला आलेल्या पिढीने पीएफची उचल, पतपेढीचे कर्ज आणि गहाण टाकलेले दागिने यांच्या जोरावर ब्लॉक घेतले. निवृत्तीच्या आत कर्ज फिटले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. आज घोडबंदर रोडला किंवा टिटवाळ्याला घर घेणारी मुले वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज काढतात, आणि अडचण आली की सरकार आणि रिझर्व्ह बँक यांचा दिलासा बहुतेक वेळा एकाच रूपात येतो : मुदतवाढ.

हा दिलासा मी कमी लेखत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि या पट्ट्यातील हजारो घरांचा पगार थांबला. १ मार्च ते ३१ ऑगस्ट अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, पुढे पुनर्रचनेत दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवता आली. त्यामुळे अनेकांची घरे वाचली. मात्र त्या काळातले व्याज चालूच राहिले. व्याजावरचे व्याज आकारू नये, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाकडून मार्च २०२१ मध्ये मिळवावा लागला.

आता मुदतवाढीची किंमत पाहू. २५ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज. वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे २१,७०० रुपये, तीस वर्षांसाठी सुमारे १९,२०० रुपये. महिन्याला अडीच हजारांची सुटका. पण एकूण व्याज २७ लाखांवरून ४४ लाखांवर जाते. आजच्या अडीच हजारांसाठी म्हातारपणातले १७ लाख आपण लिहून देतो.

त्याहून गंभीर प्रकार मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात घडला. बँकांच्या कर्जदराचा आधार असलेला रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. समजा, एखाद्याने २०२१ मध्ये सात टक्क्यांनी २५ लाख घेतले, वीस वर्षांसाठी. हप्ता १९,३८२ रुपये. वर्षभर फेडल्यावर मुद्दल उरले सुमारे २४ लाख ४० हजार. ही सगळी वाढ त्याला एकदम लागली असे धरले, तर महिन्याचे व्याजच १९,३२१ रुपये होते. मुद्दलात जमा किती? ६१ रुपये! हप्ता तोच राहिला म्हणून घरात कोणाला काही कळत नाही, आणि कर्ज मात्र जागचे हलत नाही. असंख्य खात्यांची मुदत अशीच परस्पर वाढली.

म्हणून १८ ऑगस्ट २०२३ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आपल्याला पाठ हवे. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा अधिकार कर्जदाराचा आहे. मुद्दल उलटे वाढेल अशी मुदतवाढ करता येत नाही. फेडलेले मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते यांचे विवरण दर तिमाहीला मिळालेच पाहिजे. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर एक टक्क्याने उतरला. तो आपल्या खात्यात उतरला का, हेही पाहा. गृहवित्त कंपन्यांवर रेपोशी दर जोडण्याची सक्ती नाही, तेव्हा तिथे कर्ज असलेल्यांनी जास्त जागरूक राहावे.

आणि एक दुःख असे आहे की ज्यावर मुदतवाढ हा उपायच नाही. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथल्या कर्जदारांनी नोंदणी क्रमांक पाहिला, कर्जही मंजूर झाले. सामान्य माणसाने आणखी काय तपासायचे होते? घर जाणार आणि हप्ता राहणार, हा न्याय होऊ शकत नाही. जिने कागद तपासून कर्ज दिले, त्या वित्तसंस्थेने आणि जिने नोंदणी दिली, त्या यंत्रणेने नुकसानीचा वाटा उचललाच पाहिजे. सरकारने या घरांच्या हप्त्यांची वसुली थांबवावी, अशी या व्यासपीठावरून माझी मागणी आहे.

आपल्याकडून मला एवढेच हवे आहे. प्रत्येक सोसायटीने येत्या तिमाहीत एक रविवार ठरवावा. सभासदांनी आपापले कर्जविवरण आणावे आणि बँकेत काम केलेल्या एखाद्या सभासदाने ते समजावून सांगावे. ज्यांची मुदत निवृत्तीपलीकडे गेली आहे, त्यांनी हप्ता वाढवून घेण्याचा किंवा बोनसमधून मुद्दल फेडण्याचा अर्ज त्याच दिवशी लिहावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. विवरण न देणाऱ्या संस्थेविरुद्ध आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेकडे जा. एकट्या कर्जदाराच्या पत्राला उशिरा उत्तर येते. शंभर सोसायट्यांच्या पत्रांना ते वेळेवर द्यावेच लागेल.