ड्रेस्डेनच्या चर्चमधला नवा ऑर्गन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ऑर्गन हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संगीत नाटकाला गेलेल्या कोणालाही तो आठवेल. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदांच्या साथीला तो बसलेला आहे. पण आपला हा ऑर्गन म्हणजे पेटीचाच थोरला भाऊ. पायांनी भाता चालवायचा, आतल्या पितळी पट्ट्यांवरून वारा गेला की सूर उमटतो. आज मी ज्या ऑर्गनबद्दल बोलणार आहे, त्याचे घराणे निराळे. त्यात वारा नळ्यांमध्ये फुंकला जातो, म्हणजे नात्याने तो बासरीच्या जवळचा. प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि आवाजाच्या प्रत्येक जातीला नळ्यांची वेगळी रांग. सर्वांत लहान नळीचा बोलता भाग करंगळीहून आखूड, तर मोठ्या ऑर्गनमधली सर्वांत लांब नळी बत्तीस फुटांची. एवढे धूड दुकानातून आणून कोपऱ्यात ठेवता येत नाही. ते चर्चमध्ये बांधावे लागते, आणि एकदा बांधले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. म्हणूनच नवा ऑर्गन बसवायचा म्हटला की लोक भांडतात.

असे एक मोठे भांडण जर्मनीत ड्रेस्डेन शहरी झाले. तिथले फ्राउएनकिर्शे, म्हणजे मातामेरीच्या नावाचे चर्च, अठराव्या शतकात गेओर्ग बेअर या वास्तुकाराने उभारले. सगळा घुमट दगडी. त्यातला ऑर्गन गॉटफ्रीड झिल्बरमान याने बांधला. झिल्बरमान म्हणजे त्या विद्येतला मोठा उस्ताद. तीन कळपट्ट्या आणि त्रेचाळीस रांगांचा हा ऑर्गन नोव्हेंबर १७३६ मध्ये सुरू झाला, आणि आठवड्याभरातच, १ डिसेंबरला, खुद्द योहान सेबास्टियन बाख तिथे येऊन वाजवून गेले.

दोनशे वर्षांनी, १३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ ला, ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. चर्च मात्र आगीतही उभे होते. दगड आतून तापत गेले आणि १५ तारखेच्या सकाळी घुमट खाली आला. ऑर्गन त्याच ढिगाऱ्यात संपला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा युद्धाचे स्मारक म्हणून तसाच ठेवला गेला. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या, जगभरातून देणग्या आल्या, १९९४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडले. ढिगाऱ्यातले हजारो जुने दगड निवडून, मोजून पुन्हा वापरले. ते आगीने आणि काळाने काळे पडलेले, नवे दगड पिवळसर. बाहेरून पाहिले तर भिंतीवर काळे ठिपके दिसतात, ते हे.

आता प्रश्न आला ऑर्गनचा. एक पक्ष म्हणाला, चर्च जसेच्या तसे उभारता आहात, मग ऑर्गनही झिल्बरमानचाच हवा. त्रेचाळीस रांगा होत्या, तेवढ्याच करा. बाखने ज्यावर बोटे ठेवली तो आवाज परत आणा. दुसरा पक्ष म्हणाला, हे संग्रहालय नाही, इथे दर रविवारी प्रार्थना व्हायची आहे, मैफली व्हायच्या आहेत. बाखनंतरही संगीत झाले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच रचना झिल्बरमानच्या ऑर्गनवर धड वाजत नाहीत. शिवाय झिल्बरमानचा ऑर्गन १९४५ पर्यंत तसाच कुठे राहिला होता? मधल्या काळात त्यात कितीतरी फेरबदल झालेले होते. वाद वर्तमानपत्रांत गेला, कडू झाला.

मला स्वतःला आधी पहिल्या पक्षाचे म्हणणे पटत होते. दगडाला एक न्याय आणि सुराला दुसरा, हे काय? पण विचार करता लक्षात आले, की दगड ढिगाऱ्यात सापडतो, सूर सापडत नाही. जुन्या मापांवरून नळ्या ओतता येतील. त्या नळ्या बाखच्या वेळी जशा बोलत तशाच बोलतात की नाही, हे सांगायला कोणाचा कान उरला आहे?

शेवटी काम गेले स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्न यांच्याकडे. गंमत अशी, की झिल्बरमान मूळचा ड्रेस्डेनच्याच सॅक्सनी प्रांतातला, पण ही विद्या तो थोरल्या भावाच्या हाताखाली स्ट्रासबुर्गलाच शिकला होता. केर्न यांनी तीन कळपट्ट्यांचा आवाज झिल्बरमानच्या वळणावर ठेवला आणि चौथी फ्रेंच धाटणीची जोडली. तिच्या नळ्या एका मोठ्या पेटाऱ्यात बंद असतात. त्याच्या झडपा पायाने उघडल्या-मिटल्या की आवाज हळूहळू फुलतो किंवा विरतो. दर्शनी भाग मात्र हुबेहूब जुना. त्याला इलाज नव्हता. बहुतेक चर्चमध्ये ऑर्गन भक्तांच्या पाठीमागे, वर सज्जात असतो. इथे तो वेदीच्या वरच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तो बदलला असता तर चर्चचा चेहराच बदलला असता. जुना अंगरखा घालून नवा माणूस उभा केला, अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नाही.

या सगळ्या वादात एक काम दिसत नाही, ते सांगायला हवे. नळ्या बसवून झाल्या म्हणजे ऑर्गन झाला असे नाही. मिरजेत तंबोरा तयार झाला तरी जवारी काढल्याशिवाय तो बोलत नाही, तसेच हे. इथे जवारी काढायची ती जवळजवळ पाच हजार नळ्यांची, आणि तीही कारखान्यात नव्हे, त्या चर्चमध्येच. एक जण कळपट्टीशी बसून एकेक सूर दाबून धरतो, दुसरा आत नळ्यांच्या दाटीत हत्यारे घेऊन उभा. नळीच्या तळाचे भोक अंमळ मोठे केले की आवाज वाढतो. तोंडाची चीर किंचित उंच कापली की आवाज गोल होतो. पण कापलेला धातू पुन्हा जोडता येत नाही, म्हणून केसाएवढे कापायचे, ऐकायचे, पुन्हा कापायचे. भोवती शांतता लागते, आणि जिथे गवंडी-सुतारांचे काम चालू असते तिथे ती रात्रीच मिळते. त्यातही मेख अशी, की हे सगळे रिकाम्या चर्चमध्ये ऐकायचे, आणि बसवायचे ते भरलेल्या चर्चसाठी. दीड-दोन हजार माणसे कोट घालून बसली की आवाज त्या कपड्यांत मुरतो. नेमका किती मुरेल, याचा अंदाज कारागिराने आधीच बांधायचा.

हवामानाचे दुखणे वेगळेच. हवा तापली की नळीचा सूर चढतो. दहा अंशांचा फरक पडला तर साधारण अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. सगळ्या नळ्या सारख्या चढल्या असत्या तर निभावले असते. पण काही रांगांत पेटीसारख्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फारशा हलत नाहीत. मग ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो.

ज्यांना अस्सल झिल्बरमान ऐकायचा आहे, त्यांची निराशा व्हायचे कारण नाही. फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमधला त्याचा १७१४ चा ऑर्गन आजही वाजतो. आणि ड्रेस्डेनमध्येच, फ्राउएनकिर्शेपासून थोडेसे चालत गेले की होफकिर्शे हे दुसरे चर्च लागते. तिथला ऑर्गन झिल्बरमानचा शेवटचा. तो पुरा होण्याआधीच, १७५३ मध्ये, झिल्बरमान वारला. १९४४ मध्ये कोणाला तरी वेळेवर बुद्धी सुचली आणि त्याच्या नळ्या काढून शहराबाहेर नेऊन ठेवल्या. लाकडी सांगाडा जळाला, नळ्या वाचल्या. १९७१ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. दोन्ही ऑर्गन एकाच दिवसात ऐकता येतात. जुना आधी ऐकावा, मग नवा. उलटे केले तर नव्यावर अन्याय होतो, असे मला वाटते.