हृदयारोपणामागची चिकाटी

(मंडळाच्या गणेशोत्सवात खडगपूर येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, रेल्वे वर्कशॉपमधला डिप्लोमावाला इंजिनियर. तरीही आज एका हृदय-सर्जनविषयी बोलणार आहे. त्यामागचे कारण शेवटी सांगतो.

हृदयारोपण म्हटले की आपल्याला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड आठवतात. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊनमध्ये त्यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवणारे पहिले हृदयारोपण केले. रुग्ण अठरा दिवस जगला. पण त्यांनी वापरलेली पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्डचे डॉ. नॉर्मन शमवे आणि डॉ. रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली होती.

त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. थंड खाऱ्या पाण्याने गार केलेले हृदय तासभर बंद ठेवता येते का, हे दोघे पाहत होते. तासभर नुसते उभे राहण्यापेक्षा हृदय काढून पुन्हा शिवून तरी पाहू, असे त्यांनी ठरवले. पुढे ध्यानात आले की दुसऱ्या कुत्र्याचे हृदय बसवणे अधिक सोपे, कारण शिवायला कड जास्त मिळते. १९६० मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले.

६ जानेवारी १९६८ रोजी शमवे यांनी माणसावर पहिले आरोपण केले. पुढच्याच महिन्यात परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. पण मुंबईत नाव काढलेल्या या बंगाली सर्जनची आठवण, बंगालात पोट भरणाऱ्या आपण मराठी माणसांनी ठेवायलाच हवी.

त्या एका वर्षात जगभर शंभरच्या आसपास हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. शिवण्यात चूक नव्हती. शरीर परके हृदय नाकारत होते, आणि तो नकार दडपणारी औषधे दिली की जंतुसंसर्ग होत होता. एकामागून एक रुग्णालयांनी नाद सोडला. शमवे मात्र थांबले नाहीत.

आपण एक्सल मोडण्याची वाट पाहत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणी करून आतली चीर आधीच शोधतो. स्टॅनफर्डमध्ये १९७० नंतर डॉ. फिलिप केव्हज यांनी असेच केले. मानेतील शिरेतून बारीक चिमटा हृदयात नेऊन ते कणभर तुकडा काढत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्यामुळे शरीराचा नकार वेळेत कळू लागला. १९८० च्या अखेरीस तेथे सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आले आणि १९८१ मध्ये डॉ. ब्रूस राइट्झ व शमवे यांनी हृदय व फुप्फुसे एकत्र बसवून दाखवली. ती रुग्ण पाच वर्षे जगली. शमवे २००६ मध्ये निवर्तले.

आपल्या देशात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि मेंदुमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

आता कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात सापडला. मेंदुमृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी रीतसर तपासून सांगितले आणि अवयवदानाविषयी विचारले. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगा, काय करू?" व्हेंटिलेटरवर छाती हलताना मला दिसत होती. मी म्हणालो, "थोडे थांबू या." आम्ही थांबलो आणि काही तासांनी हृदयही बंद पडले. त्या वडिलांच्या परवानगीनेच हे सांगतो आहे. मेंदुमृत्यूनंतर छाती हलते ती यंत्रामुळे, माणूस परत येत नाही, एवढे साधे ज्ञान मला नव्हते. काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, हेही मी नंतर वाचले.

शमवे यांच्यासारख्यांनी आयुष्य घालवून गाडी तयार केली, पण सिग्नल आपल्या हातात आहे. आपल्यामागे संमती जवळच्या नातेवाइकांनीच द्यायची असते. म्हणून माझे एकच मागणे आहे. या दहा दिवसांत, आरती आटोपल्यावर, घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा आणि आपली इच्छा काय आहे ते बोलून ठेवा. ती वेळ कोणावरही न येवो. पण आलीच, तर माझ्यासारखे अडखळू नका.

गणपती बाप्पा मोरया!