आगळ बरणीतच का भरायचं?

रातांबे पिकले की आपल्या रत्नागिरीत घरोघरी आगळ होतं. आम्ही गटातल्या बायका ते अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात कधीच साठवत नाही. का, ते सांगतो.

आगळ आंबट, म्हणजे त्यात आम्ल. वर मीठही भरपूर. अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ थर असतो, तो आम्लाने आणि मिठाने उघडा पडतो. मग धातू हळूहळू विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास.

शाळेत मुलं धातू आणि आम्लातून सुटणारा वायू मोजतात. पाण्याने भरलेली मापाची नळी पाण्यात उपडी धरायची आणि खालून वायू आत सोडायचा. जितकं पाणी खाली सरकलं, तितका वायू. असा 1 लिटर हायड्रोजन जमला, तर साधारण पाऊण ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळलं असं समजायचं. टोपातून गेलेला धातू उतरतो आगळातच!

म्हणून आगळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा. आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात किंवा पत्र्याच्या बादलीत ओतू नका. तिथे हाच वायू भराभर सुटतो आणि ठिणगी पडली तर पेटतो.